आमच्या घराचा हिरवा रंग

नानपुऱ्यातल्या आमच्या शेरीत पत्ता सांगायची पद्धत सोपी होती. "आत शिरा, टोकाला लाकडी घर दिसेल, तेच." पूर्वी शेरीत अशी सात लाकडी घरं होती, तेव्हा 'हिरवं लाकडी घर' म्हणावं लागायचं. आता एकच राहिलंय, त्यामुळे रंग सांगायची गरज उरली नाही. आणि खरं सांगायचं तर सांगण्यासारखा रंगही उरला नव्हता. २००६ च्या पुरानंतर दिलेला तपकिरी ऑईल पेंट पापडासारखा सुटत होता, आणि ओट्यावर बसलं की उठताना साडीला, पँटला त्याचे पोपडे चिकटून यायचे.

मंडळाच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर मी विचारलं, घराला रंग दिल्याची गोष्ट चालेल का? आपल्यातल्या बऱ्याच जणांची अशी जुनी घरं सुरतेत, बडोद्यात, नवसारीत, नाहीतर खानदेशातल्या गावी आहेत. तिघाचौघांच्या नावावर असलेली, कोणीतरी एक म्हातारं माणूस सांभाळत असलेली. तेव्हा चालेल, असं ठरलं.

आमचे पणजोबा अमळनेरहून ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेला आले आणि मालधक्क्यावर कारकून झाले. पुढे त्यांनी हे घर एका पारशी कुटुंबाकडून घेतलं. बाजूच्या आणि मागच्या भिंती विटांच्या, पण रस्त्याकडची दर्शनी बाजू अख्खी सागाची. खाली ओटा, दगडी तळखड्यांवर उभे चार खांब, वर माडीची गॅलरी, तिला आधार द्यायला पोपट आणि वेलबुट्टी कोरलेले घोडे, जाळीचा कठडा, आणि त्यावर झडपांच्या खिडक्या. जुन्या सुरतेत ज्याची ऐपत होती तो घराचं तोंड सागाचंच करायचा. डांगचं जंगल जवळ. तिथला साग आणायला गायकवाडांच्या काळात बिलिमोऱ्याहून वघईला छोटी रेल्वेसुद्धा घातली, १९१३ च्या सुमारास. दुसरा साग यायचा बर्माहून, बोटीने. तापीपलीकडच्या रांदेरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या रंगूनला होत्या. तुम्ही रांदेरला जो खावसा खाता ना, तो त्याच वाटेने आलेला पदार्थ आहे. आमचे खांब डांगचे की बर्माचे हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. प्रत्येक सुतार वेगळं सांगतो आणि प्रत्येक जण ठामपणे सांगतो.

घर तीन भावांचं. थोरले काका गेले, त्यांच्या जागी आमचा चुलतभाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात. माझे बाबा गेले, त्यांच्या जागी मी आणि माझा भाऊ. मधले काका आहेत, एकोणऐंशी वर्षांचे, आणि राहतात तिथेच. माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दीड वर्षांची मुलगी माडीवर राहतात. मी अडाजणला, पुलापलीकडे.

दादा वेसूला अकराव्या मजल्यावर राहतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. या लाकडावर दर सात-आठ वर्षांनी लाखभर रुपये घालण्यात अर्थ नाही. एक तर समोरून पत्र्याचं चकचकीत पॅनेल ठोका, म्हणजे वीस वर्षं बघायला नको, नाहीतर बिल्डरला द्या. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेलेला होताच. दादाला वाईट ठरवणं सोपं आहे, पण त्याचं बरंच खरं होतं. शेरीत गाडी शिरत नाही. काकांचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा याच घरात तळमजल्यावर छातीच्या वर पाणी होतं. आमची नऊ माणसं तीन दिवस माडीवर होती. दादा तेव्हा कॉलेजात होता. खालच्या खोलीतली त्याची पुस्तकं, प्रमाणपत्रं सगळी गेली. घरावर माया कमी असेल तर त्याला कारण आहे.

काकांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "विकायचं तर विका. पण असं उघडंनागडं विकू नका. रंग देऊन विका." हे ऐकून दादा हसला. मला मात्र काकांची चाल बरोबर कळली होती. रंग दिल्यावर कोण विकतं?

तर २०२४ च्या दिवाळीनंतर रंगकाम काढायचं ठरलं. दिवाळीच्या आधी सगळे काढतात, पण लाकडी कामाला ते चुकीचं. पावसाळाभर लाकूड पाणी पिऊन बसलेलं असतं. वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते, आणि त्यावर रंगाचा पडदा ओढला की ऊन लागल्यावर ती ओल बाहेर यायला बघते आणि रंगाला फोड येतात. पुरानंतर नेमकं तेच झालं होतं. सगळं शहर चिखल धुऊन रंग लावायच्या मागे होतं, पेंटर मिळत नव्हते, ज्याला मिळाला त्याने लावून घेतला. तो तपकिरी रंग दोन वर्षांतच सुटायला लागला. म्हणून यावेळी देवदिवाळीपर्यंत थांबलो. तोपर्यंत सुरतेची हवा कोरडी होते आणि काम करणाऱ्याच्याही अंगाला बरं वाटतं.

पेंटर लिंबायतचे, मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांनी खांबावर नख मारून पाहिलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "लाकूड चांगलं शे, काकाजी. रंगच खराब शे." काका इतके खूश झाले की दर ठरायच्या आतच चहा आला. मग पेंटरभाऊंनी पद्धत सांगितली. ब्लो लॅम्पने जुना रंग जाळायचा, तो मऊ झाला की पत्रीने खरवडायचा, राहिलेला कोरड्या पॉलिश पेपरने घासून काढायचा. आठ दिवसांत लाकूड मोकळं. सगळीकडे असंच करतात.

इथे मी मध्ये पडले. मी पांडेसऱ्याला एका रंगाई गिरणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कापडाचे रंग माझ्या रोजच्या हातातले, आणि जुन्या ऑईल पेंटमध्ये काय असायचं हे मला माहीत होतं. शिसं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर सक्तीची मर्यादा फार उशिरा आली. २०१६ मध्ये नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा तो नियम. त्याआधी पिवळा, हिरवा, तांबडा रंग खुलवायला आणि लवकर वाळवायला शिशाची संयुगं सर्रास घालत. त्याच्याही आधीच्या काळात तर रंग ओट्यावर बसून कालवायचे: अळशीचं तेल, सफेता आणि लाकडाला पहिला हात द्यायला त्यात थोडा शेंदूर. मारुतीला फासतात तोच शेंदूर. तो म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. आणि जुना सफेताही पुष्कळदा शिशाचाच.

गिरणीत कापसाच्या काळ्या रंगासाठी सोडियम सल्फाइड असतं. त्याचं पातळ द्रावण मी छोट्या बाटलीत आणलं. खांबाच्या कोपऱ्यावर ब्लेडने तिरका छेद घेतला, म्हणजे रंगाचे सगळे थर एकाखाली एक दिसतात, आणि त्यावर थेंब टाकला. शिसं असेल तर तिथे काळं पडतं. ही काही पक्की मोजणी नव्हे. तांबं, लोखंड असलं तरी काळं पडू शकतं, आणि गडद थरावर काही कळत नाही. (हे घरी करून पाहू नका. सल्फाइडला आम्ल लागलं तर विषारी वायू निघतो.) पण दोन थर फिके होते, एक पिस्ता आणि सगळ्यात तळाचा गुलाबी. पिस्ता मिनिटभरात राखाडी झाला. गुलाबी बघता बघता कोळशासारखा काळा पडला.

मी बाटलीचं बूच लावलं आणि वर पाहिलं. माडीच्या गॅलरीत माझी भाची कठड्याच्या जाळीला धरून उभी होती. पावलांखाली पोपड्यांचा चुरा. दात येत होते, आणि ती जे हाताला येईल ते चावत होती.

वहिनीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषून घेतं, ते मेंदूच्या वाढीवर जातं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीची रक्ततपासणी झाली. आकडा सहा आला. जागतिक आरोग्य संघटना पाच आणि त्याच्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, असं सांगते, आणि अमुक इतकं शिसं सुरक्षित, असा आकडाच नाही, असंही सांगते. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, औषधाची गरज नाही, मुलीला तिथून हलवा, लोह आणि कॅल्शियम नीट द्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. वहिनीने बॅग भरली आणि मुलीला घेऊन माहेरी नंदुरबारला गेली. जाताना जिन्यात मला म्हणाली, "ताई, तुमचं घर सुंदर आहे हो. पण मी परत येईन ते हे झाल्यावर." यात राग होता आणि तो मला योग्यच वाटला.

काका दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत. आत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. याच घरात आम्ही सगळे वाढलो, त्याच कठड्याला धरून उभे राहिलो. कोणाच्या रक्तात किती होतं हे कोणी तपासलं नाही.

दादाला फोन केला तेव्हा तो लगेच म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. पाडून टाकू." मी त्याला सांगितलं की पाडलं तर हीच धूळ शेरीभर उडेल, बाजूच्या तीन घरांत लहान मुलं आहेत. पॅनेल ठोकलं तर रंग आत तसाच राहील, आणि आत ओल धरली की वाळवीला मेजवानी. रंग नीट काढणं हा एकच रस्ता आहे, मग पुढे घर ठेवा नाहीतर विका. तो थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "किती जास्त लागतील?" पेंटरभाऊंचा आधीचा अंदाज बहात्तर हजारांचा होता. ओल्या पद्धतीने करायचं तर दिवस दुपटीच्या वर, म्हणजे सवा लाखाच्या आसपास. दादाने त्याच रात्री त्याचा तिसरा हिस्सा पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं.

ब्लो लॅम्प बाद करायला दोन कारणं होती. एक, आगीच्या उष्णतेने शिशाची वाफ होते आणि ती सगळ्यात आधी जाते पेंटरच्याच छातीत. हे पेंटरभाऊंना पटवायला वेळ लागला. वीस वर्षं तसंच काम केलेलं माणूस 'मला काही झालं नाही' असंच म्हणणार. दुसरं कारण मात्र त्यांना एका वाक्यात पटलं. सुरतेत लाकडी घराजवळ आग घेऊन जायची नाही. २४ एप्रिल १८३७ ला मच्छलीपीठ भागात एका घरात उकळतं डांबर सांडलं आणि आग लागली. उन्हाळा, वारा, आणि सगळं शहर असंच सागाच्या तोंडाचं. ती आग पसरत गेली आणि गॅझेटियरमध्ये जळालेल्या घरांचा आकडा ९,३७३ असा दिला आहे. त्याच वर्षी पुढे तापीला महापूर आला. एका वर्षात आग आणि पाणी. त्यानंतरही लोकांनी पुन्हा सागाचीच घरं बांधली, याचं मला अजून नवल वाटतं.

मग काम असं झालं. ओट्यापासून शेरीच्या गटारापर्यंत जाड प्लॅस्टिक अंथरलं. बांबूची परांची बांधली आणि तिलाही बाहेरून प्लॅस्टिकचे पडदे लावले. पाण्याचा फवारा मारायचा, मग खरवडायचं, पुन्हा फवारा. घासायला कोरडा पेपर नाही, वॉटर पेपर. कोरीव भागात रंग काढायचा लेप लावून, अर्धा तास थांबून, लाकडी काडीने. पोपटाच्या एकेका डोळ्यापाशी वीस-वीस मिनिटं. पेंटरभाऊ आणि त्यांच्या दोन पोरांना कापडी रुमालाऐवजी चांगले मास्क दिले, आणि जेवायला बसण्याआधी साबणाने हात आणि कामाचे कपडे तिथेच बदलायचे, असा नियम केला. त्यांच्याही घरी लहान मुलं आहेत. बापाच्या शर्टावरून धूळ घरी जाते. संध्याकाळी प्लॅस्टिक गुंडाळून चुरा दुहेरी पिशवीत. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. पिशव्या घंटागाडीवाल्याला घातक कचरा म्हणून वेगळ्या सांगून दिल्या. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा पिशव्यांकडे पाहिलं आणि त्या लांब धरून नेल्या.

खरवडताना थर दिसत गेले. वर पुरानंतरचा तपकिरी. त्याखाली पिस्ता, १९९१ चा. त्याखाली निळा. त्याखाली गडद हिरवा, आणि मग दोन-तीन थर जे एकमेकांत मिसळून गेलेले, काळपट तांबडे. तळाला गुलाबी. वर्षं मला ठाऊक आहेत कारण माडीच्या दाराच्या आतल्या बाजूला आजोबांनी पेन्सिलने हिशोब लिहायची सवय ठेवली होती आणि काकांनी ती चालवली. १९५२, हिरवा, अळशीचं तेल इतकं, मजुरी इतकी. पैसे आण्यांत आहेत. १९७४ च्या ओळीत मजुरीच्या पुढे काही नाही, नुसतं 'निळा' आणि तारीख. ते काकांच्या लग्नाचं वर्ष. रंग काकूने सांगितला होता, अशी घरात गोष्ट आहे. सासरी येण्याआधीच निरोप पाठवला होता म्हणे, हिरवं घर नको. काकू जाऊन आता नऊ वर्षं झाली.

निळा थर उघडा पडला त्या दिवशी काका परांचीखाली खुर्ची टाकून बसले होते. पेंटरभाऊंनी विचारलं, "काकाजी, हा जरासा ठेवू का कुठे?" त्यांनीही ती गोष्ट ऐकली होती. काकांनी वर पाहिलं. "खरवडा," म्हणाले, आणि आत चहा टाकायला गेले. चहाला त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

डिसेंबरच्या मध्यावर लाकूड मोकळं झालं. साग इतक्या वर्षांनी आतून मधासारखा निघाला. सगळ्यांनाच तो तसाच ठेवावासा वाटला, दादालासुद्धा. त्याने मोबाईलवर पारदर्शक लॅकरची चित्रं दाखवली. घराच्या आतलं लाकूड असेल तर खुशाल करा. पण आमची दर्शनी बाजू पश्चिमेची. दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिच्यावरच. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं, खालच्या लाकडाचा पृष्ठभाग करपतो आणि वरचा थर कागदासारखा सुटतो. रंगातली पूड उन्हाला अडवते, तिचं खरं काम तेच. नुसतं तेल लावायचं तर ते वर्षातून एकदा लावत राहावं लागतं, आणि ते कोण करणार, या प्रश्नावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी घोडे आणि वरची छतपट्टी, जी पावसापासून आत आहे, तेवढी तेलावर ठेवली आणि बाकीचं रंगवायचं ठरलं. एक सूचना, कोणी अळशीचं तेल वापरणार असाल तर. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. १८३७ नंतर आपल्याला एवढं तरी कळायला हवं.

डावीकडचा एक खांब मात्र खालून गेला होता. तळखड्यावर टेकतो तिथे लाकडाची नळीसारखी तोंडं उघडी असतात, पाणी तिथूनच चढतं. वरून कितीही रंग फासा, ते तोंड बंद केलं नाही तर काही उपयोग नाही. सुतारांनी दीड फूट कापून नवा तुकडा सांध्याने बसवायचा सांगितला, पण जुन्या सागाला जुनाच साग हवा. नवा तितका घट्ट नसतो, आणि बर्माने २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय. म्हणून जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. पाडलेल्या घरांची दारं, तुळया, खांब तिथे उभे असतात, प्रत्येकावर खडूने भाव. काका काठी टेकत फिरत होते. एका खांबापाशी थांबले, त्याच्या वरच्या टोकाची वेल बोटाने चाचपली आणि वखारवाल्याला विचारलं, हा नानपुऱ्याचा ना? तो हो म्हणाला. आमच्या समोरचं घर. तिथे आता काचेचा चार मजली ब्लॉक आहे. काकांनी लहानपणी त्याच खांबाला धरून लपंडावात डाव घेतला होता. भावात घासाघीस करायची त्यांची रीत, पण त्या दिवशी केली नाही. तो दीड फुटाचा तुकडा आता आमच्या खांबाखाली आहे.

जानेवारीत प्रायमर झाला. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यावर रंग घसरतो. म्हणून आधी थिनरने पुसून घेतलं आणि त्याच दिवशी प्रायमर मारला. भेगांना लांबी, जिला आमच्या घरात गुजरातीप्रमाणे लापीच म्हणतात. मग उत्तरायण आलं. चौदा आणि पंधरा तारखेला सुरतेत कोणी काम करेल ही अपेक्षाच ठेवू नये. परांची बांधलेलीच होती, तिच्यावर शेरीतली पोरं चढली, आणि सोळा तारखेला पाहतो तर प्रायमरला गुलाबी मांजाचे तुकडे चिकटलेले. पेंटरभाऊंनी एकेक सोडवला. एक अजून कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात आहे, रंगाखाली. बोट फिरवलं की लागतो.

रंग कोणता, यावर मात्र फार चर्चा झाली नाही. काका हिरवा म्हणाले. आम्हाला वाटलं होतं निळा म्हणतील. "तिला निळा आवडायचा, मला कुठे?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. डबे घेताना वर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख छापलाय का ते मी स्वतः पाहिलं. तुम्हीही पाहा. दोन हात दिले, पहिला वाळायला पूर्ण दोन दिवस सोडून. दुसऱ्या हाताच्या रविवारी दादा आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा चौदा वर्षांचा, कानात इअरफोन. त्याला एक ब्रश आणि खालची पाटी दिली. दुपारपर्यंत त्याने ती पूर्ण केली आणि मग न सांगता दुसरी धरली. दादा ओट्यावर बसून होता. पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्याने मुलाला खांबावर हात ठेवून दाखवलं. तिथे आता खूण नाही, पण त्याचा हात बरोबर जागी गेला.

मार्चमध्ये वहिनी आणि भाची परत आल्या. गॅलरी, खिडक्यांचे कट्टे, जिन्याचा कठडा, सगळं ओल्या फडक्याने तीनदा पुसलेलं होतं. तरी वहिनीने स्वतः चौथ्यांदा पुसलं. जूनमध्ये पुन्हा तपासणी झाली. आकडा तीन. डिसेंबरमध्ये परत करायची आहे.

पाऊस यंदा लवकर आला. पहिल्या सरीनंतर काका छत्री घेऊन शेरीत उभे राहून वर पाहत होते. फोड एकच आला, तोही त्या नव्या तुकड्याच्या सांध्यापाशी, नखाएवढा. सुतार म्हणतात, हिवाळ्यात बघू. दाराच्या आतल्या बाजूला काकांनी या वेळचा हिशोब लिहिलाय: हिरवा, तारीख, मजुरी. दादाच्या मुलाचं नाव मजुरांत घातलंय, त्यासमोर 'एक दिवस' आणि पुढे 'एक प्लेट लोचो'.

घराचं पुढे काय, ते अजून ठरलेलं नाही. जुलैत बिल्डरचा माणूस पुन्हा आला. काकांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, पाऊसपाण्याची चौकशी केली. तो बोलता बोलता खांबाला टेकायला लागला तेव्हा काका म्हणाले, "जरा सांभाळून, रंग ओला आहे." तो दचकून सरळ बसला आणि जाईपर्यंत तसाच ताठ बसून राहिला. रंग लावून पाच महिने झाले होते.